अंबादास : अकोला ते ऑस्लो – एका अमूर्त चित्रकाराचा प्रवास आणि त्याचे मागाशी असलेले नाते

प्रस्तावना

वऱ्हाडातील अकोला हे कापसाच्या बाजारपेठेचे शहर, तर ऑस्लो ही बर्फाळ नॉर्वेची राजधानी. या दोन शहरांना जोडणारे नाव म्हणजे चित्रकार अंबादास खोब्रागडे (१९२२–२०१२) होय. कलाजगतात ते केवळ 'अंबादास' या एकाच नावाने ओळखले जातात. आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे त्यांनी नॉर्वेमध्ये व्यतीत केली आणि त्यांचे निधनही ऑस्लो येथेच झाले. वास्तव्याच्या निकषावर पाहिल्यास ते युरोपातील समकालीन चित्रकार ठरतात. जन्म, शिक्षण आणि उपजीविकेचा पूर्वार्ध पाहिल्यास मात्र ते पूर्णतः महाराष्ट्राचे आहेत.

मराठीतील कलाविषयक लेखनात हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रभाकर बरवे यांनी तर 'कोरा कॅनव्हास' या ग्रंथाद्वारे स्वतःच्या चित्रविचाराची मांडणी मराठीतच केली. अंबादास यांच्या वाट्याला बहुधा नामावलीतील एखादी ओळ येते. त्या ओळीतही 'युरोपात स्थायिक झालेले अमूर्तवादी' असे त्यांचे वर्णन केले जाते आणि त्यांची अमूर्तता युरोपातून आली असावी असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. हा समज कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. प्रस्तुत लेखात अंबादास यांच्या जीवनप्रवासाचा परिचय करून देताना त्यांच्या कारकिर्दीतील एका दुर्लक्षित टप्प्याकडे, म्हणजे हातमाग क्षेत्रातील त्यांच्या नोकरीकडे, विशेष लक्ष दिले आहे. सोलापूरसारख्या वस्त्रनगरीत या टप्प्याचा विचार अधिक निकटतेने होऊ शकतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांवर दिवसरात्र जे घडत असते, ते नीट समजून घेतल्यास अंबादास यांच्या चित्रांतील एक महत्त्वाची गोष्ट उलगडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अकोला, जे. जे. आणि स्वातंत्र्योत्तर मुंबई

अंबादास यांचा जन्म १९२२ मध्ये अकोला येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९५२ मध्ये शिक्षण पूर्ण केले. म्हणजे पदविका हाती पडली तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. या वयात अनेक चित्रकारांची पहिली दोन-तीन प्रदर्शने होऊन गेलेली असतात. उशिराने सुरुवात आणि नंतरही घाई नसणे, हे त्यांच्या सर्व कारकिर्दीचे लक्षण म्हणता येईल.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील मुंबई कलेच्या दृष्टीने अत्यंत गजबजलेली होती. चार्ल्स जेरार्ड यांच्या कार्यकाळात जे. जे.मध्ये आधुनिक युरोपीय कलेविषयीचे कुतूहल वाढीस लागले होते. शंकर पळशीकरांसारखे शिक्षक भारतीय लघुचित्रशैली आणि अमूर्त आकार यांचा एकत्रित विचार विद्यार्थ्यांपुढे मांडत होते. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. (यांपैकी हुसेन यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा, ही गोष्ट जिल्ह्यातही अनेकांना ठाऊक नसते.) १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाले आणि मुंबईच्या चित्रकारांना हक्काची जागा मिळाली.

मात्र याच काळात मुंबईतून युरोपकडे एक ओघही सुरू झाला होता. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, तर शिल्पकार-चित्रकार सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनला. हे तिघेही पंचविशी-तिशीच्या आसपास होते. त्यांची चित्रभाषा अद्याप घडत होती आणि तिच्या घडणीत लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांचा, समीक्षकांचा, विक्रेत्यांचा मोठा वाटा राहिला. अंबादास या पहिल्या ओघात गेले नाहीत. त्यांनी देश सोडला तो १९७२ मध्ये, वयाच्या पन्नाशीत. दरम्यानच्या वीस वर्षांत त्यांची शैली पूर्णपणे सिद्ध झालेली होती. युरोपने अंबादास यांना घडवले, हे विधान करताना ही वीस वर्षे विसरून चालत नाही.

विणकर सेवा केंद्र : एक विलक्षण प्रयोग

स्वातंत्र्यानंतर केवळ चित्रे विकून पोट भरणे भारतीय चित्रकारास जवळजवळ अशक्य होते. शाळेत चित्रकला शिकविणे, जाहिरात संस्थेत काम करणे किंवा चित्रपटांचे फलक रंगविणे हे पर्याय होते. पन्नाशीच्या दशकात त्यांत एका नव्या पर्यायाची भर पडली.

१९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळाची स्थापना झाली. गिरणीच्या स्पर्धेत हातमागाचा विणकर टिकावयाचा असेल तर त्याला स्वस्त सूत आणि कर्ज पुरविणे पुरेसे नाही, त्याला नवे नमुने मिळाले पाहिजेत, हा विचार पुपुल जयकर यांनी धोरणाच्या पातळीवर नेला. त्यातून १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. या केंद्रांत विणकर, रंगारी आणि छपाई कारागीर यांच्याबरोबर चित्रकारांची नेमणूक करण्यात आली. के. जी. सुब्रमण्यन हे १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाचे संकल्पन विभागातील उपसंचालक होते. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले आणि तेथील वास्तव्यात तांत्रिक प्रतीकांशी त्यांचा परिचय झाला. मद्रासच्या केंद्रात रेड्डप्पा नायडू होते. अंबादास यांनीही याच यंत्रणेत संकल्पनकार म्हणून नोकरी केली.

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या केंद्रांची नोंद सहसा तळटिपेत होते. वस्तुतः एका पिढीतील कितीतरी महत्त्वाच्या चित्रकारांना या नोकरीने दरमहा वेतन, रंगांचा दैनंदिन सहवास आणि शहराबाहेरील भारताशी संबंध या तीन गोष्टी एकाच वेळी दिल्या. शासनाने चित्रकाराला पुरस्कार देऊन गौरविण्याऐवजी त्याला कामाला लावले, ही बाब आजही विचार करण्याजोगी आहे. तथापि या नोकरीचा चित्रांवर परिणाम कसा झाला, याचे उत्तर प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे मिळते. बरवे यांच्या चित्रांत तो प्रतीकांच्या रूपाने दिसतो, सुब्रमण्यन यांच्या बाबतीत कारागिरीविषयीच्या विचारात. अंबादास यांच्याबाबत तो शोधावा लागतो, कारण त्यांच्या चित्रांत ओळखू येईल असे काहीच नसते. त्यासाठी आधी मागाकडे वळणे आवश्यक आहे.

नमुना आणि पुनरावृत्ती

कागदावर चित्र काढणारा आणि मागासाठी नमुना काढणारा यांच्या हातात पेन्सिल एकच असली तरी त्यांचे स्वातंत्र्य सारखे नसते. कापड म्हणजे उभे धागे (ताणा) आणि आडवे धागे (बाणा) यांची काटकोनातील गुंफण. त्यामुळे नमुना चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. कागदावरील उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याचा धागा. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारता येतो : येथे ताणा वर हवा की खाली? वक्र रेषा या कागदावर उतरताच पायऱ्यापायऱ्यांची होते. कमळाची पाकळी असो वा मोराची मान, तिचे रूपांतर चौकोनांच्या हिशेबात करावेच लागते.

जॅकार्ड यंत्रात हा हिशेब पुठ्ठ्याच्या कार्डांवर जातो. फ्रान्समधील लिआँ शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेली ही योजना तत्त्वतः आजही तीच आहे. आडव्या प्रत्येक धाग्यासाठी एक कार्ड असते. कार्डावर भोक असेल तेथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला हूक ताण्याचा धागा घेऊन वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. वर गेलेले आणि खाली राहिलेले धागे यांच्यामधील फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. मग पुढचे कार्ड येते. कार्डे एकमेकांना शिवून त्यांची माळ केलेली असते. शेवटचे कार्ड संपले की पहिले पुन्हा येते आणि नमुना पुन्हा सुरू होतो. रुंदीच्या दिशेनेही हेच घडते. यंत्राला चारशे हूक असतील तर चारशे धाग्यांपर्यंतच स्वतंत्र हालचाल मिळू शकते. त्यानंतर नमुन्याला स्वतःचीच नक्कल करावी लागते.

सोलापुरी चादरीवरील नक्षी याच शिस्तीतून येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या टेरी टॉवेलची शिस्त तर आणखी कडक आहे. टॉवेलला दोन ताणे लागतात : एक ताठ बसविलेला, तर दुसरा सैल सोडलेला, ज्याचे पृष्ठभागावर लूप तयार होतात. या लुपांमुळे आकृतीची कड पुसट होते. म्हणून टॉवेलवर बारीक रेषा टिकत नाही. आकृती ठळक आणि मोठी ठेवावी लागते. काही कारखान्यांत आता पुठ्ठ्याच्या कार्डांची जागा संगणकीय फाइलने घेतली आहे. हूक तेच राहिले, पुनरावृत्तीही तीच राहिली.

या सर्व विवेचनाचा अंबादास यांच्याशी असलेला संबंध आता स्पष्ट करता येईल. दिवसा ज्याला पुनरावृत्तीचा हिशेब करावा लागतो, ज्याच्या प्रत्येक रेषेला चौकोनात बसावे लागते, त्या चित्रकाराच्या कॅनव्हासवर कोणती रेषा उमटेल? एक शक्यता अशी की तो भूमितीकडे वळेल. युरोपात बाउहाउसच्या वीणकाम शाखेत शिकलेल्या अ‍ॅनी आल्बर्स यांच्याबाबत हेच घडले. मागाची काटकोनी रचना हीच त्यांच्या कलेची भाषा झाली. अंबादास यांनी नेमकी उलट दिशा घेतली. त्यांच्या चित्रांत चौकोन नाही, काटकोन नाही आणि एकाही आकाराची नक्कल नाही.

'ग्रुप १८९०' आणि १९६३ चे प्रदर्शन

ऑगस्ट १९६२ मध्ये गुजरातेतील भावनगर येथे काही तरुण चित्रकार एकत्र जमले. ज्या घरी ही बैठक झाली त्या घराचा क्रमांक १८९० होता आणि गटाला तेच नाव देण्यात आले. नावात कोणताही अर्थ असू नये, ही त्यामागील भूमिका होती. जगदीश स्वामीनाथन हे गटाचे वैचारिक नेते. त्यांच्याखेरीज अंबादास, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, राजेश मेहरा, रेड्डप्पा नायडू, एरिक बोवेन, एस. जी. निकम आणि बाळकृष्ण पटेल असे एकूण बारा सदस्य गटात होते.

गटाचे एकमेव प्रदर्शन ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात भरले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या वेळी भारतात मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी प्रस्तावना लिहिली. गटाच्या जाहीरनाम्यात तीन परंपरा नाकारल्या होत्या : राजा रविवर्म्याचा निसर्गवाद, बंगाल शैलीचा स्वप्नाळू आदर्शवाद आणि युरोपीय आधुनिकतेची भारतात झालेली संकरित अनुकरणे. यातील तिसरा नकार येथे महत्त्वाचा आहे. 'युरोपचे अमूर्तवादी' म्हणून ज्यांची ओळख करून दिली जाते, त्या अंबादास यांनी युरोपात पाऊल ठेवण्याच्या नऊ वर्षे आधी अशा जाहीरनाम्यामागे आपले नाव उभे केले होते.

जाहीरनाम्यांची भाषा नेहमीच चित्रांहून अधिक तावातावाची असते, हे लक्षात घेऊनही अंबादास यांच्याबाबत तो बराचसा प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. गटातील काही सदस्य पुढे आकृतिप्रधान आणि कथनात्मक चित्रांकडे वळले. गुलाममोहम्मद शेख हे त्याचे ठळक उदाहरण. स्वामीनाथन यांनी पक्षी आणि पर्वतांची चित्रमालिका केली आणि नंतर भोपाळच्या भारत भवनात आदिवासी कलेचा संग्रह उभारला. अंबादास मात्र १९६३ मध्ये ज्या ठिकाणी होते तेथून फारसे हलले नाहीत. याला कोणी साचलेपण म्हणेल. परंतु त्यांच्या चित्रांकडे सलगपणे पाहिल्यास त्यात एकाच प्रश्नाचा चिवट पाठपुरावा जाणवतो.

चित्रांचे स्वरूप

अंबादास यांच्या तैलचित्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकास प्रथम जाणवते ती ब्रशची हालचाल. रुंद ब्रशचा एक फटकारा कॅनव्हासवरून वळत, वाकत, स्वतःवरच घडी घालत जातो. त्याच्या आत ब्रशच्या केसांनी सोडलेले असंख्य बारीक समांतर ओरखडे दिसतात. जवळून पाहिल्यास ते सुताच्या लडीसारखे भासतात. दूरून झाडाची साल, वाहते पाणी, स्नायूंची वीण असे काहीही आठवू शकते. क्षितिज नसते, मध्यबिंदू नसतो, वरची आणि खालची बाजू यांचा भेदही क्षीण असतो. करडे, तपकिरी, मातकट आणि निळसर रंग एकमेकांत मिसळण्याच्या बेतात असतात, पण पूर्णपणे मिसळत नाहीत.

या चित्रपद्धतीत रंग हे विचार व्यक्त करण्याचे केवळ साधन उरत नाही. रंग किती दाट, ब्रश किती कोरडा, पृष्ठभाग किती ओला, यावर फटकारा कोठे वळेल हे अवलंबून असते आणि चित्रकार त्या घडण्याला सोबत करतो. आकृतीचा आराखडा आधी काढून नंतर तो रंगविणे येथे संभवत नाही. चौकटीच्या कागदावरील नमुना हा सर्वस्वी आधी ठरलेला असतो. विणकराच्या हाती आल्यावर त्यात बदल होत नाही. अंबादास यांचे चित्र या व्यवस्थेच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला आहे.

असे असूनही धागा मात्र त्यांच्या चित्रातून गेलेला नाही. ब्रशच्या एका फटकाऱ्यातील समांतर ओरखडे हे ताण्याच्या धाग्यांप्रमाणे एकत्र प्रवास करतात. एक पट्टा दुसऱ्याच्या वरून जातो, तिसऱ्याच्या खालून निघतो. वर-खाली जाण्याची ही मूळ क्रिया वीणकामाचीच आहे. फरक इतकाच की येथे ताणा ताठ बांधलेला नाही आणि शेवटच्या कार्डानंतर पहिले कार्ड परत येत नाही. मागावरील धागा चौकटीतून सोडवून घेतल्यावर जसा वागेल, तसा अंबादास यांचा रंग वागतो. अमूर्त चित्रांचे अर्थ लावताना समीक्षक बहुधा अध्यात्माकडे किंवा निसर्गाकडे वळतात. अंबादास यांच्या बाबतीतही तसे झाले आहे आणि त्याला आधारही आहे. परंतु चित्रकाराने ज्या वस्तूवर काही काळ रोज काम केले ती वस्तू, म्हणजे सूत, हा अर्थ अधिक जवळचा आहे. अकोल्यासारख्या कापसाच्या गावी जन्मलेल्या माणसाला तो उपरा वाटण्याचे कारण नाही.

नॉर्वेतील चार दशके

१९७२ मध्ये अंबादास नॉर्वेला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. 'ग्रुप १८९०' मधील एरिक बोवेन हेही नॉर्वेत स्थायिक झाले, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे. लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क ही भारतीय चित्रकारांची नेहमीची ठिकाणे होती. तेथे भारतीयांचा समुदाय होता, दालने होती, भारतीय कलेत रस असणारे ग्राहकही होते. ऑस्लोत यांतील फारसे काही नव्हते. व्यावसायिक दृष्टीने पाहता हा निर्णय लाभाचा म्हणता येणार नाही.

चित्रकलेच्या दृष्टीने मात्र नॉर्वे अगदीच अनोळखी प्रांत नव्हता. एडवर्ड मुंक यांचा वारसा जपणारे संग्रहालय ऑस्लोत १९६३ मध्ये सुरू झाले होते. अंबादास यांच्याहून एकाच वर्षाने लहान असलेले याकोब वाइडेमान हे नॉर्वेतील अमूर्त चित्रकलेचे अग्रणी मानले जातात. जंगलातील जमिनीवर साचलेली पाने, शेवाळ आणि माती यांच्या अनुभवातून त्यांनी दाट रंगलेपनाची चित्रे केली. वाइडेमान यांची चित्रे आणि अंबादास यांची चित्रे शेजारी ठेवल्यास पोताची आवड समान दिसते. वाइडेमान यांच्या रंगात मात्र ऋतू आणि स्थळ ओळखता येते, अंबादास यांच्या रंगात ते येत नाही.

वीणकामाच्या संदर्भात नॉर्वेचे आणखी एक उदाहरण विचारात घ्यावे लागते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या हाना रिगेन (१८९४–१९७०) या नॉर्वेतील एका शेतावर राहून, स्वतः रंगविलेल्या लोकरीने भव्य भित्तिपट विणत असत. फॅसिझमच्या विरोधातील त्यांच्या भित्तिपटांना युरोपच्या कलेतिहासात मानाचे स्थान आहे. १९६४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांनी नॉर्वेचे प्रतिनिधित्व केले. विशेष म्हणजे त्या आधी आराखडा काढीत नसत. रचना थेट मागावरच उभी राहत असे. हाताने विणलेल्या भित्तिपटाला पुनरावृत्तीची सक्ती नसते, त्यामुळे हे शक्य होते. ऑस्लोतील शासकीय इमारतीत लावलेला त्यांचा १९५८ चा भित्तिपट २२ जुलै २०११ च्या बाँबस्फोटात फाटला आणि नंतर तो दुरुस्त करण्यात आला. अंबादास नॉर्वेला पोहोचले तेव्हा रिगेन यांच्या निधनास दोन वर्षे झाली होती. दोघांच्या कामात थेट संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. मात्र ज्या देशात विणणारी व्यक्ती चित्रकाराच्या बरोबरीने राष्ट्राचे प्रतिनिधित्व करते, त्या देशात एका माजी वस्त्रसंकल्पनकाराने उरलेले आयुष्य घालविले, हे लक्षणीय आहे.

नॉर्वेतील कलावंतांची आर्थिक स्थितीही भारताहून निराळी होती. कलाकृतींच्या विक्रीवर कर आकारून त्यातून गरजू कलावंतांना साहाय्य करण्याचा कायदा तेथे १९४८ मध्येच झाला होता. १९७४ मध्ये कलावंतांनी संघटितपणे आंदोलन करून किमान उत्पन्नाच्या हमीची मागणी पुढे रेटली. कलावंत हा श्रम करणारा नागरिक आहे आणि त्याच्या श्रमाचे मोल समाजाने देणे लागते, ही कल्पना त्या देशात सार्वजनिक चर्चेचा विषय होती. भारतात विणकर सेवा केंद्रांनी चित्रकाराला वेतन दिले ते वस्त्राच्या मोबदल्यात. नॉर्वेत चर्चा चित्राच्या मोबदल्याची होत होती.

ऑस्लोत अंबादास यांनी तैलचित्रांबरोबर जलरंगांतही काम केले. जलरंगात रंगाचा वेग आणि वाळण्याचा काळ दोन्ही बदलतात. फटकारा पातळ होतो, त्याच्या कडा विरघळतात. तरीही हालचालीचे स्वरूप तेच राहिले. डिसेंबरमध्ये जेमतेम सहा तासांचा दिवस असलेल्या शहरात चाळीस वर्षे काढूनही त्यांच्या चित्रात बर्फ आले नाही, तसे त्याआधी अकोल्याचे ऊनही आले नव्हते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये दिल्लीतील डीएजी या कलासंस्थेने 'ग्रुप १८९०' च्या सदस्यांच्या कामाचे प्रदर्शन भरविले, तेव्हा नव्या पिढीच्या प्रेक्षकांपुढे अंबादास यांची चित्रे पुन्हा एकत्रितपणे आली.

सही असलेले आणि सही नसलेले काम

अंबादास यांच्या कारकिर्दीचे दोन भाग पाडल्यास एका भागाला नाव आहे आणि दुसऱ्याला नाही. कॅनव्हासवर सही असते. कापडावर संकल्पनकाराचे नाव येत नाही. हा भेद केवळ प्रथेचा नसून कायद्यानेही मान्य केलेला आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रावरील प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे या नियमाने अंबादास यांच्या चित्रांवरील अधिकार २०७२ च्या अखेरपर्यंत राहतात. परंतु याच अधिनियमाच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदविलेले नाही असे संकल्पन ज्या वस्तूवर वापरले जाते, त्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक प्रती काढल्या गेल्या की त्या संकल्पनावरील प्रताधिकार संपुष्टात येतो. यंत्रमागावर एकाच नमुन्याचे पन्नास टॉवेल निघण्यास फार वेळ लागत नाही. नोंदणी केलीच, तर डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० प्रमाणे प्रारंभी दहा आणि पुढे पाच वर्षांचे संरक्षण मिळते. तेही मोबदला देऊन काम करवून घेतले असल्यास सामान्यतः काम करवून घेणाऱ्याच्या नावे होते, काम करणाऱ्याच्या नव्हे.

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्यामुळे शहराच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. नमुना काढणाऱ्याच्या नावाचा प्रश्न त्यात येत नाही. एमआयडीसीतील संगणकावर बसून चौकोन भरणारे तरुण, आणि त्यांच्यापूर्वी ग्राफच्या कागदावर हेच काम करून पुठ्ठ्याची कार्डे ठोकणारे कारागीर, यांपैकी कोणाचेही नाव टॉवेलच्या पट्टीवर नसते. तेथे मोजमाप, वजन आणि कारखान्याचे नाव असते. अंबादास यांच्या हातून विणकर सेवा केंद्रात उतरलेल्या नमुन्यांची गतही हीच आहे. त्यांतील एखादे कापड कोणाच्या घरी जपून ठेवलेले असले, तरी त्यावर सही नसल्यामुळे ते त्यांचे म्हणून वेगळे काढता येत नाही.